मृत्युवार्तेचा प्रवास

जालना जिल्ह्यांतील परतूर हें गांव आज रेल्वेचें स्टेशन व तालुक्याचें ठिकाण म्हणून लोकांस परिचित आहे. मराठ्यांच्या इतिहासांत मात्र त्याचें नांव एका प्रस्थानाशीं जोडलेलें आहे. उदगीरचा विजय पदरीं पडल्यावर मार्च १७६० मध्यें येथेंच पेशव्यांची मसलत झाली आणि येथूनच सदाशिवरावभाऊ तरुण विश्वासरावांस बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाले. दहा महिन्यांनीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर काय झालें हें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. विश्वासरावांचें शव ओळखलें गेलें. भाऊसाहेबांचें म्हणून जें शव मिळालें त्याला शिर नव्हतें, आणि तें त्यांचेंच कीं काय याविषयीं दक्षिणेंतील लोकांची शंका कधींच पुरती फिटली नाहीं.

ती वार्ता नानासाहेब पेशव्यांस भेलशाच्या मुक्कामीं सुमारें दहा दिवसांनीं कळली, आणि तीही एका सावकारी पत्रावरून. पत्रांत लढाईचा शब्द नव्हता. मोत्यें गळाल्याची व मोहरा हरवल्याची ती सांकेतिक भाषा मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हें पत्र लिहिणारा कोणी कवि नव्हता, भाट नव्हता. तो पेढीवाला होता. खोटी बातमी लिहिली तर त्याची हुंडी दुसऱ्या दिवशीं कोणी वटविली नसती. त्याच्या शब्दामागें त्याचा पैसा आणि त्याची पत उभी होती.

तरीही भाऊसाहेबांविषयींची शंका राहिली ती राहिलीच. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पतीच्या निधनाची वार्ता मान्य केली नाहीं. त्या अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हें बाळगून राहिल्या. या शंकेचा फायदा घेऊन एक तोतया ‘मीच भाऊ’ म्हणून पुढें आला. त्याला कैदेंत टाकलें तरी तो सुटला, कोंकणांत त्याच्याभोंवतीं फौज जमली, किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि १७७६ सालीं देहान्त शिक्षा झाली तेव्हांच तें बंड मोडलें. न. चिं. केळकर यांचें ‘तोतयाचें बंड’ हें नाटक याच प्रकरणावर आहे. एका मृत्यूची खात्रीलायक वार्ता न मिळाल्यानें राज्याला पंधरा वर्षें केवढा ताप सोसावा लागला तें यावरून दिसतें.

त्या काळीं मृत्यूची वार्ता उशिरा येई. आज ती लवकर येते. इतकी लवकर कीं, कधीं कधीं ती मृत्यूच्याही आधीं येते. प्रसिद्ध माणूस आजारी पडला कीं त्याच्या निधनाची बातमी मोबाइलच्या पडद्यावर हिंडूं लागते, आणि जो माणूस रुग्णालयाच्या खाटेवर श्वास घेत पडलेला असतो त्याच्या छायाचित्रापुढें देशभर दिवे लागतात. हा प्रकार नवा आहे असें आपण समजतों. तो कितपत नवा आहे आणि त्यांत खरोखर नवें काय आहे, हें थोडें पाहण्यासारखें आहे.

आपल्या घरांत मृत्युवार्तेचे कांहीं रिवाज होते. निधनाच्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत नसत. पत्राचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे वाचणाराला तें उघडण्यापूर्वींच कळे. वाचून होतांच तें फाडून घराबाहेर टाकीत. अशुभ पत्र कोणी जपून ठेवीत नसे, आणि तें पुढें दुसऱ्याकडे धाडणें तर दूरच. याहून चमत्कारिक अशी एक रूढि होती. डोक्यावर कावळा बसला तर तें मृत्यूचें सूचक मानीत, आणि अरिष्ट टळावें म्हणून त्या माणसाच्या मृत्यूची खोटी बातमी मुद्दाम नातलगांस कळवीत. ते रडले कीं अरिष्ट फिटलें अशी समजूत; मग मागाहून खरें कळवून त्यांचें समाधान करीत. या रूढीचें समर्थन आज कोणी शहाणा माणूस करणार नाहीं. पण तिच्यांतसुद्धां एक बंधन होतें: ज्यानें खोटें कळविलें त्यालाच खरें कळवावें लागे.

पुढें तारायंत्र आलें. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी निजामाच्या मुलुखांतील रेल्वे जालन्यावरून धांवूं लागली आणि तिच्या बरोबरीनें तारेचे खांबही आले. तारवाला दारांत उभा राहिला कीं घरांतील बायकांच्या पोटांत गोळा उठे, कारण आनंदाची बातमी पत्रानें येई व दुःखाची तारेनें. शब्द मोजून पैसे पडत म्हणून मजकूर त्रोटक असे. परंतु कोणत्या कचेरींतून किती वाजतां ती निघाली याची नोंद त्या कागदावर असे, आणि शेवटीं पाठविणाराचें नांव असे. जुलै २०१३ मध्यें भारतांतील तारसेवा बंद झाली तेव्हां पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. ती हळहळ यंत्राविषयीं होती. त्या कागदावरच्या नांवाविषयीं कोणी फारसें बोललें नाहीं.

लोकमान्य टिळकांचें देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मुंबईच्या सरदारगृहांत झालें. तेव्हां नभोवाणी नव्हती. तरी सकाळ होतां होतां सारी मुंबई रस्त्यावर लोटली. वार्ता तोंडोतोंडीं गेली, पण ती सरदारगृहाच्या जिन्यावरून खालीं उतरली होती. ज्यांनीं शेवटचा श्वास पाहिला त्यांच्यापासून ती निघाली, आणि ज्याला शंका असेल त्याला त्या जिन्यापर्यंत चालत जाण्याची सोय होती.

मग जुन्या माध्यमांच्या हातून चूक झालीच नाहीं काय? झाली, आणि ती नभोवाणीच्याच ध्वनिक्षेपकासमोर कबूल केलेली बरी. मार्च १९७९ मध्यें जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत अत्यवस्थ होते. ते निवर्तले अशी वार्ता दिल्लीस पोहोंचली. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीं ती लोकसभेंत सांगितली. सभागृहाचें काम थांबलें, आकाशवाणीनें नेहमींचे कार्यक्रम बंद केले, ठिकठिकाणीं शाळा सुटल्या, दुकानें बंद झालीं. जयप्रकाशजी मात्र जिवंत होते! ते त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजीं पाटण्यास त्यांचा अंत झाला. देशाच्या पंतप्रधानानें, देशाच्या संसदेंत, एका जिवंत माणसास मृत म्हणावें याहून मोठी चूक कल्पितां येत नाहीं. पण ती कोणाची चूक आहे हें साऱ्या देशाला दिसलें. विधानावर नांव होतें. कांहीं आठवड्यांनीं हा प्रकार जयप्रकाशजींच्या कानीं गेला तेव्हां ते हसले, असें सांगतात.

तीस वर्षांनंतरची गोष्ट निराळी आहे. २५ जून २००९ रोजीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरीं दुपारीं २ वाजून २६ मिनिटांनीं गायक मायकेल जॅक्सन यास डॉक्टरांनीं मृत घोषित केलें. आपल्याकडे तेव्हां रात्रीचे तीन वाजत आले होते. नटनट्यांच्या वार्ता देणाऱ्या टीएमझेड या संकेतस्थळानें अवघ्या अठरा मिनिटांत ती बातमी प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर जें झालें तें आंतरजालाच्या इतिहासांत पूर्वीं झालें नव्हतें. एकच नांव एकाच वेळीं इतक्या लोकांनीं शोधलें कीं, गूगलच्या यंत्रांना हें माणसांचें काम वाटेना. कोणी दुष्ट बुद्धीनें हल्ला चढविला आहे अशा समजुतीनें त्यांनीं बातम्या विचारणारांस कांहीं काळ चुकीची पाटी दाखविली. ट्विटर अडखळलें. त्या शहरांतील मुख्य वृत्तपत्राचें संकेतस्थळ बंद पडलें. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशांतील त्याच्या चरित्राचें पान एका तासांत जवळजवळ दहा लक्ष वेळां उघडलें गेलें.

यंत्र अडखळतें म्हणजे काय होतें, हें वर्गांतील फळ्याच्या दृष्टान्तानें समजूं शकेल. शिक्षक फळ्यावर धडा लिहून ठेवतो आणि साठ मुलें एकाच वेळीं तो पाहून उतरून घेतात; प्रत्येकासाठीं निराळा धडा लिहावा लागत नाहीं. विकिपीडियाची यंत्रें अशाच रीतीनें पानाची एक तयार प्रत जवळ ठेवतात व येणाराच्या हातीं तीच देतात. पण कोणी त्या पानांत एक शब्द जरी बदलला तरी फळा पुसला जातो आणि धडा पुन्हा लिहावा लागतो. त्या रात्रीं एकीकडे लक्षावधि लोक पान मागत होते व दुसरीकडे बदल करणारे क्षणाक्षणाला फळा पुसत होते. वर घडलें असें कीं, फळा कोरा दिसतांच शेंकडों यंत्रें तोच धडा स्वतंत्रपणें लिहूं लागलीं आणि त्या गर्दींत सर्वांचेंच काम खोळंबलें. पुढें त्या संस्थेच्या तंत्रज्ञांनीं नियम केला कीं, पान नव्यानें तयार करण्याचें काम एकानेंच करावें, बाकीच्यांनीं रांगेंत थांबावें. यंत्रांना ही शिस्त लावतां आली. माणसांना ती लावण्याचा उपाय अद्याप सांपडलेला नाहीं. त्याच संध्याकाळीं जेफ गोल्डब्लम नांवाचा एक धडधाकट नट न्यूझीलंडमध्यें कड्यावरून पडून मेल्याची बातमी पसरली, आणि तीवरही लोकांनीं विश्वास ठेवला.

फळा पुसणारे हे लोक काय बदलीत असतात? बहुधा एक क्रियापद. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालूं आहे. कोणा थोर व्यक्तीचें निधन झालें कीं त्या पानावर प्रथम कोणी तरी ‘आहेत’ चें ‘होते’ करतो. वर्तमानकाळाचा भूतकाळ आपल्या हातून सर्वांच्या आधीं व्हावा यांत कसली धन्यता वाटत असेल ती असो. व्याकरणाच्या तासाला काळ बदला म्हटलें तर टाळाटाळ करणारी मुलें मोठेपणीं या कामीं इतकी तत्पर कशी होतात, हें एक कोडेंच आहे.

या घाईचा भार केवळ यंत्रांवर पडत नाहीं, वृत्तपत्रांच्या सत्यासत्यतेवरही पडतो. मार्च २००९ मध्यें फ्रेंच संगीतकार मॉरिस जार वारले. डब्लिनच्या एका विद्यार्थ्यानें परीक्षा पाहण्याच्या हेतूनें विकिपीडियावरील त्यांच्या पानांत एक भावपूर्ण वाक्य स्वतः रचून, तें त्यांचेंच उद्गार म्हणून घुसडून दिलें. आधार नाहीं म्हणून विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनीं तें काढून टाकलें. पण तेवढ्या अवधींत तें वाक्य देशोदेशींच्या वृत्तपत्रांतील मृत्युलेखांत जाऊन बसलें; लंडनच्या ‘गार्डियन’लाही तें टाळतां आलें नाहीं. सुमारें महिन्याभरानें त्या मुलानें आपण होऊन पत्रें लिहिलीं तेव्हां संपादकांचे डोळे उघडले. म्हणजे ज्याला आपण बेभरंवशाचा समजतों त्या ज्ञानकोशानें आपली चूक सुधारली होती, आणि ज्यांचें कामच बातमी पारखण्याचें त्यांनीं ती छापली होती.

आणि तोतये? तेही आहेत. इटलींतील टॉमासो देबेनेदेत्ती हा गृहस्थ मंत्र्यांच्या व लेखकांच्या नांवानें खोटीं खातीं उघडतो आणि त्यांवरून मोठ्या लोकांच्या मृत्यूच्या बातम्या सोडतो. ऑगस्ट २०१२ मध्यें त्यानें रशियाच्या एका मंत्र्याच्या नांवानें सीरियाचे तत्कालीन अध्यक्ष बशर अल-असद मारले गेल्याची आवई उठविली, तेव्हां कांहीं वेळ जगाच्या बाजारांत खनिज तेलाचा भाव चढला. वृत्तपत्रें किती सहज फसतात हें दाखविण्यासाठीं आपण हें करतों, असें त्याचें म्हणणें आहे. हा गृहस्थ पेशानें शिक्षक आहे, हें सांगतांना शिक्षकवर्गास थोडा संकोच वाटेल.

परदेशच्या गोष्टी येथवर पुरेत. जी गोष्ट मराठी घरांनीं स्वतः अनुभवली ती २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीची आहे. जुन्या जालन्यांतील अथवा कुंडलिकेपलीकडच्या एखाद्या वस्तींतील घर डोळ्यांपुढें आणावें. जेवणें झालीं आहेत. कुटुंबाचा व्हॉट्सॲपवर समूह आहे. त्यांत परतूरचे मामा आहेत, पुण्याचा आतेभाऊ आहे, परदेशीं गेलेली भाची आहे. पडद्यावर ज्येष्ठ नट विक्रम गोखले यांचें छायाचित्र येतें, बाजूस समई, खालीं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पाठोपाठ प्रत्येक जण जोडलेले हात धाडतो. आजीला ‘बॅरिस्टर’ नाटक आठवतें. घरांतील एखादी शंकेखोर मुलगी विचारते, ‘हें कोणीं सांगितलें?’ उत्तर येतें, ‘सगळीकडे आहे.’

या दोन शब्दांपाशीं थोडें थांबलें पाहिजे. पूर्वीं ‘कोणीं सांगितलें’ या प्रश्नाचें उत्तर म्हणून एका माणसाचें नांव येत असे. पेढीवाल्याचें, तार करणाऱ्या मेहुण्याचें, फार काय पंतप्रधानाचें. ‘सगळीकडे आहे’ हें उत्तर नव्हे. पण तें ऐकतांच प्रश्न संपतो. हजार लोकांनीं सांगितलें म्हणजे हजार साक्षीदार झाले असें मनाला वाटतें. वस्तुतः त्या हजारांतील एकानेंही कांहीं पाहिलेलें नसतें. प्रत्येकानें दुसऱ्याचा पडदा पाहिलेला असतो. एकाच्या निष्काळजीपणाला हजार तोंडें फुटलेलीं असतात, एवढेंच.

विक्रम गोखले कोण होते हें महाराष्ट्रास सांगावयास नको. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले या दोघी मायलेकी १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटांत पडद्यावर आल्या. स्त्रीनें पडद्यावर येणें जेव्हां कोणास रुचत नव्हतें तेव्हांची ती गोष्ट. वडील चंद्रकांत गोखले रंगभूमीवरचे नामांकित नट. ‘अनुमती’ चित्रपटांतील भूमिकेसाठीं विक्रम गोखले यांना २०१३ सालीं राष्ट्रीय पारितोषिक जाहीर झालें, तें इरफान खान यांच्याबरोबर विभागून. त्या भूमिकेंत ते रुग्णालयांत निपचित पडलेल्या पत्नीचा प्राण वांचावा म्हणून पैशासाठीं दारोदार फिरणारे निवृत्त शिक्षक झाले आहेत. नऊ वर्षांनीं, नोव्हेंबर २०२२ मध्यें, पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयांत ते स्वतः तशाच खाटेवर होते आणि त्यांच्या पत्नी व कन्या उशाशीं होत्या.

त्या रात्रीं बातमी पसरली ती समाजमाध्यमांवरच राहिली नाहीं. नांवाजलेल्या वृत्तसंस्थळांनीं ती दिली, मुंबईच्या चित्रसृष्टींतील मोठमोठ्या मंडळींनीं शोकसंदेश प्रसिद्ध केले. २४ तारखेस गोखले यांच्या पत्नीला आणि कन्येला वार्ताहरांस सांगावें लागलें कीं ते जिवंत आहेत, प्रकृति चिंताजनक आहे, पण ते आहेत. पार्वतीबाईंजवळ पति जिवंत असल्याचा पुरावा नव्हता. होती ती केवळ आशा, आणि त्यांच्या शब्दाचा मान मात्र लोक राखीत होते. येथें पत्नीच्या डोळ्यांसमोर पति होता, वैद्य होते, श्वासाचें यंत्र चालूं होतें. आणि तिच्या शब्दाला त्या समईच्या चित्रामागून धांवत जावें लागत होतें. जेथें जेथें चित्र गेलें तेथें तेथें खुलासा गेला असेल असें मानण्यास आधार नाहीं. चित्र पाठवितांना बोटाला वेळ लागत नाहीं. ‘मघांशीं मी पाठविलें तें खोटें होतें’ हें पाठवितांना मनाला लागतो.

२५ तारखेस रुग्णालयानें कळविलें कीं, त्यांच्या प्रकृतींत संथ पण निश्चित सुधारणा आहे, ते डोळे उघडतात, हातपाय हालवितात, आणि दोन दिवसांत श्वासाचें यंत्र काढतां येण्याचा संभव आहे. ज्याची दोनच दिवसांपूर्वीं श्रद्धांजलि झाली होती त्याच्याविषयींचें हें निवेदन होतें! खोटी मृत्युवार्ता पसरली कीं माणसाचें आयुष्य वाढतें, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. त्या दिवशीं पुष्कळ घरांत ती मोठ्या आशेनें बोलली गेली असेल.

अशा प्रसंगीं त्या कुटुंबाचें काय होतें याचा विचार बातमी पुढें ढकलणारानें केलेला नसतो. घरांतील माणूस अत्यवस्थ असतां घरच्यांचें सारें लक्ष त्याच्या श्वासाकडे असावें. तें तसें असूं दिलें जात नाहीं. सांत्वनाचे निरोप येतात, अंत्यसंस्कार केव्हां म्हणून विचारणा होते, रुग्णालयाच्या दारांत गर्दी जमते, आणि ज्यांनीं रोग्याचा हात धरून बसावयाचें त्यांना हातांत फोन धरून बसावें लागतें. हा अनुभव त्या एकाच घराचा नाहीं. तीन वर्षांनीं, ११ नोव्हेंबर २०२५ रोजीं, नट धर्मेंद्र मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत उपचार घेत असतां तीच गोष्ट पुन्हा घडली. जबाबदार म्हणविणाऱ्या माध्यमांनीं त्यांचें निधन जाहीर केलें. तेथेंही खुलासा करण्याची पाळी कन्येवर व पत्नीवरच आली, आणि हेमा मालिनी यांनीं हा प्रकार अक्षम्य आहे असें स्पष्ट शब्दांत सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं धर्मेंद्र घरीं गेले. त्यांचें निधन २४ नोव्हेंबरास झालें.

याच्या उलट एक उदाहरण आहे, तें ६ फेब्रुवारी २०२२ चें. लता मंगेशकर जानेवारीपासून ब्रीच कँडी रुग्णालयांत होत्या आणि त्या महिनाभर अफवांचें मोहोळ उठलेलेंच होतें. परंतु अखेरची वार्ता आली ती रविवारीं सकाळीं, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून. सकाळीं आठ वाजून बारा मिनिटांनीं त्यांचें निधन झालें असें त्यांनीं सांगितलें. ज्यानें पाहिलें त्यानें सांगितलें, आणि देशानें मान लववून ऐकलें. शंकेला जागा उरली नाहीं. तरी त्याच दिवशीं शिवाजी पार्कवर एका विख्यात नटानें पार्थिवासमोर दुआ म्हणून फुंकर घातली, तिला थुंकणें ठरवून कांहींनीं तें चित्र देशभर फिरविलें. मृत्यूची वार्ता खरी असली तरी तिच्या पदराला धरून खोटें चालूं शकतें, हें त्या दिवशीं दिसून आलें.

यावर कांहीं उपाय झाले नाहींत असें नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आले आहेत या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेनें, भिक्षुकी करून पोट भरणारे पांच निरपराध लोक जमावानें ठार मारले. तो महिना संपण्यापूर्वीं व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली; एप्रिल २०२० मध्यें, पुष्कळ हातांतून आलेला संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येईल असें केलें. अशा संदेशावर दुहेरी बाणाची खूण असते. ती खूण संदेश फार हिंडलेला आहे एवढेंच सांगते. तो निघाला कोठून, हें ती सांगत नाहीं. आणि तारेच्या कागदावर होतें तें नेमकें तेंच.

विक्रम गोखले यांचें निधन २६ नोव्हेंबर २०२२ रोजीं दुपारीं झालें. आतां खरी वार्ता त्या खोटीच्याच वाटेनें निघाली. तेंच छायाचित्र, तीच समई, तीच अक्षरें. जालन्याच्या त्या घरांत या वेळीं कोणी लगेच हात जोडले असतील असें वाटत नाहीं. तीन दिवसांपूर्वीं एकदां रडून झालेल्या आजीनें प्रथम विचारलें असेल तें हेंच, कीं आतां तरी खरें आहे का. पुण्याचा आतेभाऊ म्हणाला असेल, रुग्णालयानें सांगितलें आहे; आणि त्यावरही कोणी थोडा वेळ थांबून पाहिलें असेल. पुण्यांत त्या संध्याकाळीं पार्थिव देह बालगंधर्व रंगमंदिरांत दर्शनासाठीं आणण्यांत आला. लोक तेथें आले, त्यांनीं त्यांचा चेहरा पाहिला, फुलें वाहिलीं. मग तेथून यात्रा वैकुंठ स्मशानभूमीकडे निघाली.